सर्वे आभाळाचा, धसका बांधाचा

आषाढ व. ३, सोमवार
बिदरहून सामान आलं. डिंक १८०, खारीक-खोबरं ३१०, लीलाच्या कम्प्युटरसाठी बॅटरीचं खोकं ४२००. बाळंतिणीपेक्षा कम्प्युटर महाग पडायलाय.
लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, नववा लागला, पण नोकरी सोबत घेऊनच. चिली देशात डोंगरावर नवी दुर्बीण बसलीय. ती आभाळाचे फोटो पुन्हा पुन्हा काढणार. माहितीचा लोंढा येणार, त्यात मोठमोठे खगोलवाले पण गांगरतील. म्हणून आधी खोटी माहिती करून त्यांचा सराव घ्यायचा. तो लीला घेणार, पुढच्या सोमवारी, इथूनच.
मी म्हटलं, "खोटं आभाळ? पाप न्हाई का गं?"
"आई, भातुकली समज."
तिचे साहेब म्हणतात, बाळंतपण आहे, दुसऱ्याला देऊ. सराव घेणाऱ्यालाच खरी माहिती पहिल्यांदा बघायला मिळणार. म्हणून लेक अडून बसलीय.

व. ५, बुधवार
शेजारचे गुंडप्पा ताकाला आले. आमच्या शेताला शेत लागून. लीलाला म्हणाले, "काय करायलीस अक्का दिवसभर?"
"सर्वे सुरू होणाराय अप्पा. माणसं तयार करायलेय."
"कुठला सर्वे?"
"दक्षिणेकडचा सगळा."
"कधी येतेत?"
"रात्रीच. जुना फोटो, नवा फोटो, ताडून बघतेत. जरा काही सरकलं की लगेच सगळ्यांना खबर."
गुंडप्पांनी ताक तसंच ठेवलं नि उठले. फुकटचं ताक त्यांनी ठेवलेलं मी आजवर पाहिलं नाही. शेत दोघांचं गावाच्या दक्षिणेलाच ना!

व. ६, गुरुवार
आरती आटोपते तोवर हे शेतातून हसत आले. गुंडप्पा पहाटेपासून खोरं घेऊन बांधावर. दरसाल थोडा थोडा कोरून आमच्याकडं ढकललेला बांध परत मागं न्यायलेत.
ह्यांनी विचारलं, "कामून अप्पा?"
"खचला होता, नीट करायलोय."
किती वर्षं हे घसा कोरडा करून भांडले! मी म्हटलं, सर्वे आभाळाचा हाय, सांगून टाका बिचाऱ्याला. हे म्हणाले, "सांगू की. आधी बांध पुरा होऊ दे."
दत्तमहाराजा, क्षमा कर. बांध खरंच आमचा आहे.

व. १०, सोमवार
आज सराव. सकाळीच ओसरी भरली. दक्षिण शिवारातले झाडून सगळे, हातात जमिनीचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. "लीलाक्का, आमचा नंबर तेवढा बघ."
मी ओरडून सांगितलं, "आभाळाचा सर्वे हाय, जमिनीचा न्हाई!"
तर सुभद्राकाकू म्हणते, "म्हंजे आता आभाळ बी सरकार घेणार?"
कोणी हलेना. शेवटी अर्धा अर्धा कप चहा देऊन गप्प बसवलं. (साखर संपली.) सराव सुरू झाला. पडद्यावर देशोदेशीची तोंडं. एका गोऱ्यानं विचारलं, मागं ही गर्दी कोणाची? लीलानं बांधाची सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. म्हणाली, दुर्बिणीचं काम हेच, जुना बांध नि नवा बांध ताडायचा, फरक तेवढा कळवायचा. तिकडं हशा. त्यांना हसताना बघून आमची ओसरी पण हसली. गुंडप्पा सगळ्यात मोठ्यानं. मग हळूच मला, "वैनी, काय म्हणायलेत?" मी साखरेच्या डब्यात तोंड घातलं.
मध्येच लीलानं पोट धरलं. मी डबा टाकून धावले. "काही न्हाई गं, लाथ मारायलाय," म्हणाली नि पुढं चालू.

व. ११, मंगळवार
साहेबांचा निरोप. सराव उत्तम. पण तिथं डोंगरावर ढग, खरी माहिती लांबली. बाळाच्या आधी आली तर लीला बघणार. बाळ आधी आलं तर दुसरा कोणी.
लीला जेवली नाही. मी पण...

व. १३, गुरुवार
सकाळी देवापुढं घोटाळा केला. इथं सोयाबीन माना टाकायलंय, म्हणून पाऊस मागायचा. चिलीत उघडीप मागायची. घाईत नुसतं "ढगांचं बघ रे देवा" म्हणाले, कुठल्या ते राहिलं. दुपारी लीला म्हणते, तिथले ढग वाढलेत. इथं कडक ऊन.
गाणगापूरच्या आमच्या पुजाऱ्यांना कार्ड टाकलं, ते फोन उचलत नाहीत. नक्कल:
"सा. न. वि. वि. पाऊस आमच्या गावी हुलसूरला हवा, उघडीप चिली देशी हवी. संकल्पात दोन्ही गावांची नावं स्वच्छ घ्यावीत, देवाची गल्लत होऊ नये. एकाच अभिषेकात दोन्ही बसतं का दोन पावत्या फाडाव्या लागतात, ते उलट टपाली कळवावे. लेकीला कधीही कळा येतील."