बटणाला हाक मारण्याबाबत

प्रिय ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण ते सुजले आहेत असं तुझ्या सुनेने कळवलं, तेव्हा नमस्कार लांबूनच. सूज उतरली का? झोपताना पायांखाली उशी घेतेस ना, की घरातल्या सगळ्यांना उशा वाटून स्वतः तशीच झोपतेस? माझं म्हणशील तर मी मजेत आहे. जेवणखाण वेळेवर, औषध वेळेवर, गुडघा कुरकुरतो पण कामाला येतो. काळजी करण्यासारखं काही नाही. फक्त गेला महिनाभर वन्यप्राणी कार्यालयात इतक्या खेपा झाल्या की तिथल्या बाकाला माझ्या बसण्याच्या जागी चकाकी आली आहे.

तुला बटण आठवत असेलच. हे गेले तेव्हा तू आली होतीस आणि ज्याने तुझी डावी चप्पल खाल्ली, ते. ह्यांच्या आजारपणात वीटभट्टीच्या रस्त्यावर एक रानडुकरीण ट्रकखाली आली आणि तिच्या पिलांतलं जे एक उरलं, ते हे कोटाच्या खिशात घालून घरी घेऊन आले. डॉक्टरांनी ह्यांना थंडी, धूळ आणि जनावरं यांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ह्यांनी तिन्ही एकाच फेरीत आणली. नाकाचं टोक कोटाच्या बटणाएवढं, म्हणून बटण. बाटलीने दूध पाजायचे, आणि दर रविवारी आधी त्याला आणि मग स्वतःला वजनाच्या काट्यावर उभं करायचे. "दोघांपैकी एकाचं तरी वाढतंय," म्हणायचे. दुपारी मी फाटकाशी जाऊन "चला, ताट वाढलंय" अशी हाक मारली की दोघे बरोबरच यायचे, एक काठी टेकत आणि एक वळणावर घसरत. चौतीस वर्षं ती हाक मी एकासाठी मारली आणि शेवटचे आठ महिने दोघांसाठी.

हे गेल्यावर बटण दोन आठवडे ह्यांच्या खुर्चीखाली बसून होतं. (एव्हाना ते खुर्चीखाली मावेनासं झालं होतं, त्यामुळे खुर्चीच त्याच्या पाठीवर बसलेली दिसायची.) मग त्याने कपाटाचं दार उखडलं, गादी फाडली, आणि एका सकाळी मी फाटक उघडं ठेवलं. हाकललं नाही, ताई. नुसतं उघडं ठेवलं. आपल्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, एक पाप करण्याचं असतं आणि एक न करण्याचं, आणि दुसरं जास्त दिवस टिकतं. तेव्हा मला वाटायचं त्या गृहपाठाबद्दल बोलताहेत.

आमच्या शेजारची मेंढ्यांवाली तू पाहिली आहेस, ह्यांच्या शेवटच्या तीन दिवसांत माझ्याशेजारी बसून होती ती. बावीस मेंढ्या, आणि त्यांच्यावर तिचं सगळं घर. या हंगामात तिच्याकडे कोकरं झाली आणि एकेक नाहीसं होऊ लागलं. आधी कोल्ह्यावर आळ गेला. मग तिला चिखलात खूर दिसले, आणि एका संध्याकाळी खुरांचा मालकही दिसला. डुक्कर कोकरू खातं हे मला ठाऊक नव्हतं. कानामागे पांढरा ठिपका होता असं ती म्हणाली. तसा बटणाला होता. तेव्हापासून ती फाटकाशी येऊन एवढंच सांगायची, "बाई, तुमचं लेकरू काल पुन्हा आमच्याकडे जेवलं." आवाज चढवायची नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी आम्ही दोघी कार्यालयात गेलो. तिथला कारकून तरुण आहे, चापून भांग पाडलेला, आणि नियमांचं पुस्तक त्याला पाठ आहे. (आपल्या शाळेत असता तर दरवर्षी बक्षीस घेऊन गेला असता.) पाळीव जनावरं मारणाऱ्या श्वापदांचा फॉर्म गुलाबी असतो, तो आम्ही मागितला. तो म्हणाला, "यादीत लांडगा आहे, कोल्हा आहे, भटका कुत्रा आहे. डुक्कर नाही." मेंढ्यांवाली म्हणाली, "मग त्याला यादी वाचून दाखवा." तेव्हा त्याने रानडुकरांचा पिवळा फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: अर्जदाराचा प्राण्याशी पूर्वसंबंध, असल्यास. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाटलीने दूध पाजले', आणि जागा पुरेना म्हणून उरलेलं समासात लिहिलं. कारकुनाने वाचून पेन खाली ठेवलं.

"बाई, इथे सगळे 'नाही' लिहितात."

"पण आहे ना," मी म्हटलं. मेंढ्यांवालीने कपाळाला हात लावला.

झालं. नियम नऊ निघाला. घरातून सुटलेलं जनावर बारा महिने बाहेर राहिल्याखेरीज रानटी ठरत नाही. तोवर ते पाळीव, आणि पाळीवाला गोळी घालता येत नाही, मालकाने दोरी बांधून घरी न्यायचं. फाटक उघडल्याला अकरा महिने आणि चार दिवस झाले होते. म्हणजे माझ्या खरेपणापायी शंभर किलोच्या वरचं ते धूड आणखी सव्वीस दिवस कायद्याने माझं लाडकं राहिलं. (दोरी घेऊन मी दोनदा गेलेही होते. दोरी आता त्याच्याकडे आहे.) त्या सव्वीस दिवसांत पाच कोकरं गेली. सत्ताविसाव्या दिवशी ते रानटी झालं, आणि कार्यालयाचं पत्र जणू माझ्याआधी त्यालाच पोचलं, कारण त्याच सकाळी कोकराला सोडवायला धावलेल्या मेंढ्यांवालीची मांडी त्याने सुळ्याने उभी फाडली. सतरा टाके. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले, जशी ती ह्यांच्या उशाशी बसली होती. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. तसंच म्हणाली, "मी 'नाही' लिहिलं असतं."

आता परवाना मिळालाय, सात दिवसांचा. बंदूक बाळगायची परवानगी असलेला माणूस आमच्या भागात एकच, चौकातला घड्याळजी. भिंग लावून लावून त्याचा एक डोळा कायमचा मिटल्यासारखा झालाय, नेम धरायला तेवढीच सोय. पण नियम पाहा: सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ, कुत्री न्यायची नाहीत, खायला टाकून भुलवायचं नाही, अंगात नारिंगी बंडी हवी. आणि बटण दिवसभर भट्टीमागच्या काटेरी झुडपांत झोपलेलं असतं, जिथे माणूस शिरू शकत नाही. घड्याळजीला युक्ती सुचली. ह्यांनी दवाखान्यात ऐकायला म्हणून माझी ती जेवणाची हाक स्वतःच्या फोनमध्ये भरून घेतली होती. ती झुडपापाशी वाजवावी. कारकुनाने पुस्तक न उघडताच सांगितलं, नियम चौदा: भरून ठेवलेल्या आवाजाने प्राण्याला बोलावणं हा गुन्हा आहे, जिवंत माणसाने स्वतःच्या तोंडाने हाक मारल्यास हरकत नाही. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

काल सकाळी नऊ वाजता मी झुडपांसमोर उभी राहिले. घड्याळजी मोडक्या भिंतीमागे पालथा पडलेला, भोपळ्यासारखा नारिंगी. मी तोंड उघडलं, तर आवाजच येईना. पुन्हा उघडलं, तर शाळेतली सकाळची प्रार्थना आली, तीही दुसऱ्या कडव्यापासून. झुडपांत काहीतरी कूस बदलल्यासारखं हललं आणि शांत झालं. अर्ध्या तासाने घड्याळजी बंडीवरची माती झटकत उठला आणि म्हणाला, "बाई, गळा छान आहे तुमचा. पण उद्या ती हाक मारा." घसा बसलाय असं मी सांगितलंय. बसलेला नाही.

बाकी सगळं ठीक. नातवंडांना माझ्या वतीने एकेक पापा दे आणि पाय पाण्यात घालून फार वेळ बसू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. शाळेत पडद्यामागे गायला उभं केलं की सिस्टरना तुझा आवाज कुठला आणि माझा कुठला ते कधी कळलं नाही. माझ्या बेसूर ओळीसाठी तू दोनदा कोपऱ्यात उभी राहिलीस आणि मी गप्प बसले. ह्यांनीही एकदा फोनवर, बनियन कुठे ठेवलेत म्हणून दहा मिनिटं तुलाच झापलं होतं. तर ताई, परवाना शनिवारपर्यंत आहे. शुक्रवारच्या गाडीने येशील का? तीनच शब्द आहेत. 'चला' जरा लांबवायचं आणि 'ताट'वर आवाज चढवायचा. हाक कुणाच्या तोंडाने मारायची ते नियम चौदात लिहिलेलं नाही. मी विचारून घेतलंय.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आता त्यासाठी येऊ नकोस. आज मेंढ्यांवालीला घरी आणलं. तिला विचारलं, काही हवंय का. म्हणाली, "मला खिडकीशी बसवा, उरलेली मोजू दे." मी तिला बसवलं, घरी आले, घड्याळजीला निरोप धाडला आणि बारा वाजता फाटकाशी उभी राहून हाक मारली. पहिल्याच हाकेला आलं, ताई, वळणावर घसरत. माझ्या पलीकडे बघत होतं, ह्यांच्या खुर्चीकडे. घड्याळजीने एकाच गोळीत काम केलं आणि नंतर बराच वेळ दुसराही डोळा मिटून बसून राहिला. संध्याकाळी कार्यालयात शेवटचा फॉर्म भरला. त्यातही पूर्वसंबंधाचा रकाना आहे. या वेळीही मला 'नाही' लिहिता आलं नाही.

ता. क. तरीही ये. वर जेवणखाण वेळेवर असं लिहिलंय ते खरं नाही. हे गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. ह्यांच्या फोनमधली माझी हाक आज वाजवून पाहिली. मी काही उठले नाही. नियम चौदाचं बरोबर आहे, जिवंत माणसाच्या तोंडचीच लागते. तू दारात उभी राहून एकदा म्हण, मी आतल्या खोलीत बसून असेन. शुक्रवारची गाडी अकराला पोचते. चप्पल नवी घालून आलीस तरी आता चालेल.