अक्कासाठी एक भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्का खोटं बोलते! माझी थोरली बहीण, वय बासष्ट. लहानपणी एका थापेसाठी तिने मला दुपारभर अंगणात उभं केलं होतं. आणि आता स्वतः गेले कित्येक महिने बेमालूम थापा मारते आहे. "टीव्हीचा कंटाळा आला रे, तीच ती रडारड," म्हणायची आणि टीव्हीकडे पाठ करून शेंगा सोलत बसायची.

आज डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. इंजेक्शनं देऊन आहे ते टिकवता येईल. गेलेलं परत यायचं नाही.

मी विचारलं, "मोठं करून दाखवलं तर?"

"दिसेल कदाचित. पण किती मोठं, ते आत्ता सांगवत नाही."

बाहेर आल्यावर म्हटलं, अक्का, का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तू रंगारी माणूस. माझे डोळे काय रंगवून देणार होतास?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

मोठं म्हणजे किती मोठं? आमच्या घरात मोठी अशी एकच वस्तू आहे — भिंत.

५ नोव्हेंबर, बुधवार

हिला सांगितलं, बाहेरच्या खोलीत प्रोजेक्टर लावायचा. ही कणीक मळत होती, थांबली. "दहा फुटांच्या खोलीत थेटर? मग बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवणाराही ठेवा एक!"

थोड्या वेळाने स्वतःच आली. "वन्संना दिसेल का पण?"

माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नाही.

मिक्सरसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने पुढे केले. "तो अजून वर्षभर ओरडेल. ओरडू दे."

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात जाऊन आलो. नव्या प्रोजेक्टरची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. दुकानदाराने बिचाऱ्याने थंड दिलं. पडद्याची किंमत वेगळी, आवाजाच्या डब्यांची वेगळी, खोलीत अंधार करणाऱ्या पडद्यांचीही वेगळी! अंधारालासुद्धा पैसे पडतात हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मेहुण्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, नव्याच्या नादाला लागू नका. जुना बघू. आणि पडदा कशाला हवा? तीस वर्षं भिंती रंगवताय, एक स्वतःसाठी रंगवा की!"

मेहुणा शहाणं बोलला. तारीख लिहून ठेवली आहेच.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी हात जोडताना मी काही मागत नाही. फक्त आभार मानायचे, ही वडिलांची शिकवण. आज मागावंसं फार वाटलं. जीभ रेटली नाही.

दिवसभर गावातला तंबूतला सिनेमा आठवत राहिला. समोर बसायला तिकीट जास्त, पडद्यामागे बसायला निम्मं. अक्का मला मागे घेऊन बसायची. तिथून सगळं उलटं दिसायचं. सिनेमातली माणसं जन्मतः डावखुरी असतात, असं मी चौथीपर्यंत समजत होतो! शाळेत गुरुजींना तसं सांगितलंही. वर्ग हसला. मी घरी येऊन रडलो, तर अक्का म्हणाली, "सिनेमातल्या पाट्या उलट्या वाचायला शिकलास ना? समोर बसणाऱ्यांना येतं का ते?"

आता तिला समोर बसवायचं आहे. पहिल्या रांगेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मिळाला! शिकवणीवाले सर वर्ग बंद करताहेत. त्यांच्या खोल्या मी दोनदा रंगवल्या होत्या. "या दिव्याखाली पोरं नुसती झोपली. तुमच्याकडे तरी कोणी जागं राहून बघेल," म्हणाले. मिक्सरच्या पैशांत बसला, वर वायरसुद्धा दिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

यंत्र मागे सरकवावं तसं चित्र मोठं होतं. खोलीच्या पार टोकाला नेलं, तरी चित्र जेमतेम दाराएवढं. मागे भिंत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

डोकं धरून बसलो होतो. हीच म्हणाली, "अहो, मधली खिडकी आहे ना!"

ताटं द्यायला दोन खोल्यांमध्ये आम्ही छोटी खिडकी ठेवली आहे. आता यंत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांच्या रांगेत बसलं आहे आणि उजेड खिडकीतून बाहेर जातो. चित्र सात फूट! अडचण एकच — कोणी ओट्याशी उभं राहिलं की भिंतीवर झाऱ्याची सावली पडते. म्हणजे सिनेमा चालू तोवर स्वयंपाक बंद.

"मग हे दहा वर्षांपूर्वी नाही का आणायचं!" — ही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंतीला लागलो. जुना रंग खरवडला. पुट्टीचे दोन हात, मग पॉलिश पेपर. तळहात फिरवला तर काच! गिऱ्हाइकाच्या घरी इतकं कोण करतं? वरून सगळ्यात भारी चकाकीचा पांढरा दिला. मागच्या कामाचा अर्धा डबा उरला होता. अक्का भिंतीला गाल लावून म्हणाली, "गार आहे. छान केलीस."

मी फुशारलो. लिहून ठेवतो, फुशारलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

फजिती. यंत्र लावलं, तर भिंतीच्या मधोमध त्याच्या दिव्याचंच प्रतिबिंब! सूर्य उगवल्यासारखं. जो येईल तो माणूस बिनडोक्याचा. तीस वर्षं लोकांच्या भिंती चमकवल्या, त्या सवयीने हीसुद्धा चमकवली. एकदाही मनात आलं नाही की ही भिंत स्वतः दिसायची नाही. तिने दुसऱ्याला दिसू द्यायचं.

मेहुणा खुर्चीत आडवा होऊन हसत होता. "दाजी, इथे दाढी छान होईल!"

अक्का हसली नाही. समोर बघत म्हणाली, "मध्ये पांढरं पांढरं आहे. की ते माझंच आहे?"

"नाही गं अक्का, ते माझं आहे. चूक माझी."

"मग बरं," म्हणाली. किती हलक्याने म्हणाली!

१७ नोव्हेंबर, सोमवार

कामावर सुट्टी टाकली. भिंत पुन्हा घासली. इतकी गुळगुळीत केलेली भिंत स्वतःच्या हाताने ओरबाडताना जिवावर आलं. पण तासाभरात गाणं गुणगुणायला लागलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिनचमकेचा पांढरा, त्यात चिमूटभर काळा. राखेच्या जवळचा रंग. गिऱ्हाइकाने असा रंग मागितला असता तर मी त्याला समजावून परत पाठवलं असतं. वाळल्यावर भिंत अगदी मुकी दिसते. छान.

खिडक्यांना कामावरच्या ताडपत्र्या लावल्या. त्यांच्यावर वीस घरांच्या रंगाचे शिंतोडे आहेत. ही म्हणाली, "घर आहे की साइट?" पण दुसरं टोक तिनेच धरलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या दुपारी लावायचं. आज सकाळी मागितलं. तीनच शब्द — तिला दिसू दे. वडील माफ करतील.

२३ नोव्हेंबर, रविवार

जेवणं उरकली. ताडपत्र्या ओढल्या. भर दुपारी गुडुप अंधार! अक्काची खुर्ची भिंतीपासून चार फुटांवर. मेहुण्याने बरीच बटणं दाबून चित्र सरळ केलं आणि जुना विनोदी सिनेमा लावला. नावं पुढे ढकलली. "नावं कोण वाचतंय!"

ही आणि मेहुणा हसत होते.  मी सिनेमा बघतच नव्हतो, अक्काकडे बघत होतो. मान जरा तिरकी, ओठ मिटलेले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सिनेमातलं कुटुंब जेवायला बसलं.  म्हटलं, संपलं. अक्काला काही दिसत नाही आणि आमचं मन राखायला बसली आहे.

तेवढ्यात म्हणाली, "हा बाप्या डाव्या हाताने का जेवतोय?"

कोणाला काही कळेना.

"आणि वाढणारीही डावखुरीच! बारक्या, मेल्या, मला पुन्हा पडद्यामागे बसवलंस होय रे?"

खरंच चित्र उलटं होतं! मेहुण्याच्या बटणांचा प्रताप. आम्हा चांगल्या डोळ्यांच्या तिघांना पत्ता नाही, आणि जिला दिसत नाही तिने ओळखलं! मी असा ओरडलो की शेजारचे दार वाजवून विचारून गेले. ही एकीकडे हसते आणि एकीकडे पदर डोळ्यांना लावते. मेहुणा चित्र सुलटं करायला उठला, तर अक्का म्हणाली, "राहू दे. सवय आहे आम्हाला."

सिनेमा शेवटपर्यंत उलटाच पाहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लेक दूरच्या शहरात नोकरी करते. आज तिचा व्हिडिओ कॉल भिंतीवर घेतला. आत्याने तिला डोळे भरून पाहिलं — "हनुवटीवर पुटकुळी आलीय, जागरणं करतेस!" मग माझा अंगठा चुकून कुठेतरी लागला. लेक कोपऱ्यात गेली आणि मीच भिंतभर झालो.

अक्का बराच वेळ बघत राहिली.

"हा कोण?... तू? मिशा कधी पिकल्या रे तुझ्या?"

"दोन वर्षं झाली, अक्का."