वळणावरची चार मिनिटं

मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अ. आ., वि. वि.

केबिनमास्तरांना काल नोटीस मिळाली. ऐकीव बातमी नाही. आज सकाळी ते स्वतः माझ्या औषधांच्या दुकानात आले आणि काउंटरवर कागद उघडून दाखवला. रविवारी, ता. २ ला, वळणाजवळचा सिग्नल त्यांनी उशिरा पाडला, त्यामुळे मालगाडीला वेग कमी करावा लागला आणि मागची प्रवासी गाडी चार मिनिटं अडकली, असं त्यात लिहिलंय. चालकाच्या जबाबावरून, असंही लिहिलंय. चालक म्हणजे तू. चौकशी सोमवारी, ता. २४ ला.

मला ओरडायचं नाही, विचारायचं आहे. फोनवर तू दोन वाक्यांत कटवतोस, म्हणून पत्र. सिग्नलचा हात खरंच आडवा होता का, रस्ता बंद होता का? मास्तर म्हणतात, वेळेवर पाडला. पण लगेच हेही म्हणाले की आता वय झालं, कुणी सांगावं. एकतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. मे महिन्यात निवृत्त होतील. आणि सध्या सिग्नलचा खटका ओढताना मोठ्याने आकडे मोजतात, आपल्याला उशीर होत नाही ना हे बघायला. झोपेचं औषध मागत होते. डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणून परत पाठवलं.

बाकी बातमी चांगली आहे. त्याच रविवारी काढलेला लांबनाकीचा फोटो इंजिनप्रेमींच्या त्रैमासिकाने मुखपृष्ठासाठी मागितलाय. तिच्या जातीची आता तीनच इंजिनं उरलीत आणि मालगाडी ओढणारं हे एकच. सहा वर्षं वळणाजवळच्या बांधावर उभी राहते आहे, दर वेळी काहीतरी आडवं येतं. त्या दिवशीही वळणावर ढग होता. मी आभाळाला नको नको ते बोलले, आणि नेमका ढग सरल्यावर तू आलास. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, उत्तरही असावं.

तुझी
ताई

शुक्रवार, ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (हात तेलकट आहेत. डागांसकट गोड मानून घे.)

मुखपृष्ठाबद्दल अभिनंदन. घरात सांगितलं, तर तुझी भावजय म्हणाली की ताईंनी सहा वर्षं लग्नांचे फोटो काढले असते तर एव्हाना बंगला झाला असता.

नोटिशीचं फार मनावर घेऊ नकोस. इन्स्पेक्टरने वेग का सोडला म्हणून विचारलं, मी म्हटलं हात उशिरा पडला. अशा वेळी पटकन काहीतरी सांगावं लागतं. मास्तरांना फार तर एक शेरा मिळेल. तीन महिन्यांत घरी बसणाऱ्या माणसाचं त्याने काय बिघडतं? माझं मात्र बिघडेल. लांबनाकी मोडीत निघतेय. तिची शेवटची फेरी ता. २ मार्चला आहे आणि ती मलाच द्यायचं ठरलंय. अकरा वर्षं काढली मी तिच्यावर. आता त्यात काही विघ्न नको.

एक विनंती. तो फोटो इतक्यात पाठवू नकोस. कारण असं काही नाही, उगाच. त्या दिवशीच्या बाकीच्या फ्रेमाही कुणाला दाखवू नकोस.

लोभ आहे तेवढाच ठेव, उलटतपासणी तेवढी कमी कर.

तुझा
धाकटा

सोमवार, ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
या खेपेला आशीर्वाद एकच, शहाणा हो. वि. वि.

तू नको म्हणालास म्हणूनच मी बाकीच्या फ्रेमा काढून बसले. लहानपणी फुटलेली बरणीही तू अशीच दाखवून द्यायचास, तिकडे जाऊ नकोस असं सांगून.

सोबत दोन प्रिंट आहेत. पहिल्यात गाडी लांब, पुलाच्या पलीकडे. इंजिनातून भसाभस काळा धूर निघतोय, म्हणजे तू जोरात आहेस. सिग्नल मला पाठमोरा दिसतो, पण पडलेला हात कुठूनही पाहिला तरी पडलेलाच. आणि तो पडलेला आहे. दुसऱ्यात धूर बंद. म्हणजे तुला रस्ता मोकळा मिळाला आणि त्यानंतर तू वेग सोडलास. का, ते मला कळेना. तीनही फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं. या दोन्हींत वळणावर सावली आहे, मुखपृष्ठाच्या फोटोत लख्ख ऊन.

अरे गाढवा, ढग सरावा म्हणून तू अठराशे टन माल रोखून धरलास?

खोटं कशाला बोलू, आधी मला हसू आलं. भरूनही आलं. मग मास्तर डोळ्यांपुढे आले आणि दोन्ही गेलं. तू माझ्यासाठी वेळ काढलास तो काढलास, पण त्याचं बिल त्यांच्या नावावर कसं फाडलंस? ते आता स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेनासे झालेत.

मुखपृष्ठाचा फोटो मी पाठवत नाही. पण या दोन प्रिंट सोमवारी चौकशीच्या टेबलावर पोचल्या पाहिजेत. तू नेल्यास तर उत्तम. नाहीतर दुकान बंद ठेवून मी नेईन, आणि ते मला अजिबात करायचं नाही. तुझी शेवटची फेरी जाईल, हे कळतंय मला. मास्तरांना मी काही बोललेले नाही. ते तुझ्या तोंडून ऐकू देत.

लोभ होता, आहे, सोमवारी काहीही झालं तरी राहील.

तुझी
ताई

मंगळवार, ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
मान खाली घालून सा. न. वि. वि.

मास्तरांवरची नोटीस मागे घेतली. तसा कागद काल संध्याकाळी त्यांच्या हातात मीच नेऊन दिला.

चौकशी सुरू व्हायच्या आधी इन्स्पेक्टरच्या खोलीत जाऊन दोन्ही प्रिंट ठेवल्या आणि झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं की ढग म्हणजे कोणता ढग. मी म्हटलं, आभाळातला. शेजारचा कारकून खोकत बाहेर गेला. इन्स्पेक्टर हसले नाहीत. विनाकारण वेग सोडला आणि खोटा जबाब दिला म्हणून माझ्या पुस्तकात शेरा, शिवाय तीन महिने यार्डात शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे ढकलणं. लांबनाकीची शेवटची फेरी दुसऱ्याला दिली.

शिव्या खायची तयारी ठेवून केबिनमध्ये गेलो होतो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की हात वेळेवर पडला होता, हे नक्की ना? मी नक्की म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. तेवढ्यात गाडीची वेळ झाली, ते उठले आणि आकडे न मोजता खटका ओढला. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मीच निघालो.

तू का म्हणून विचारलं नाहीस, तरी सांगतो. सहा वर्षं तुला बांधावर बघतोय. तू हात हलवतेस, मी शिटी देतो, आणि आठवड्याने तुझं पत्र येतं की पुन्हा सावली पडली. इंजिन जायच्या आत एकदा तुझं काम व्हावं, एवढंच डोक्यात होतं. मुखपृष्ठाचा फोटो आता खुशाल पाठव. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

रविवारी, तिच्या शेवटच्या फेरीला, मी रजा टाकली आहे. सकाळी साडेसातला तुझ्याबरोबर बांधावर उभा राहीन. अकरा वर्षं लांबनाकी आतून पाहिली, धावताना बाहेरून कधीच नाही. नव्या चालकाला भेटून बजावलंय की वळणावर एक बाई आणि एक बाप्या दिसतील, ऊन असो नसो, वेग सोडायचा नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी तो भरधाव जाईल. तुला तीन-चार फ्रेमा मिळतील, फार तर पाच.

लोभ पूर्वीइतकाच असू दे.

तुझा
धाकटा