बावन्न वॅट

२ फेब्रु., सोम.
आज बावन्न वॅट! व्हॅनच्या सायलेन्सरवर बसवलेल्या चकत्यांतून. एका अंगाला धुराची धग, दुसऱ्या अंगाला गार पाणी, मधून वीज. वाया जाणारी उष्णता, फुकटची वीज. रिटायर झाल्यापासून चार वर्षं हेच. रविवारी कॉलनीच्या मेळाव्यात मांडायचं. शेजारचे श्रीवास्तवजी म्हणाले, "जोशीजी, आपने तो कमाल कर दिया!"

४ फेब्रु.
मुलगी पमी आली, कोलार रोडच्या तिच्या घरून. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. म्हटलं, पोरी, मेळाव्याच्या कागदावर तपासणीची सही कर. म्हणाली, "बाबा, आधी चकत्या काढून गाडी चालवा. पेट्रोल मोजा."
छत्तीस वर्षं कारखान्यात टर्बाइन जोडली. मला मोजायला शिकवते.

६ फेब्रु.
मोजलं. तीनदा. तोच रस्ता, तोच वेग. चकत्या असताना पेट्रोल जास्त जातं. नळीत धूर अडतो, वर पाण्याच्या टाकीचं वजन. हाती येते त्या विजेपेक्षा जास्त तर पेट्रोलमध्येच जातं.
फुकटची म्हणे.
जेवलो नाही.

७ फेब्रु.
पमीला फोन. "बघताक्षणी कसं कळलं तुला?"
"बघताक्षणी नाही, बाबा. दिवाळीत आठवडाभर गाडी माझ्याकडे होती ना, तेव्हाच मोजलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
"आई नको म्हणाली."
सुधा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रिटायर झाल्यावर पहिले काही महिने भिंतीकडे बघत बसायचात. कशात तरी जीव रमला होता. मी कशाला मोडू?"
म्हणजे दिवाळीपासून रोज दुपारी सुधा पाने-पकडी घेऊन व्हॅनशेजारी उभी राहायची, मी खालून हात काढला की नेमका हवा तोच पाना द्यायची, "आज किती?" विचारायची, आकडा ऐकून "वाढले की!" म्हणायची, तेव्हा सगळं माहीत होतं.
रागावली असती तर चाललं असतं. कीव केली. दोघींनी मिळून.

८ फेब्रु., रवि.
मेळावा अकराला. श्रीवास्तवजी दोनदा डोकावून गेले, कुणी पत्रकार येणार म्हणे. चकत्या काल काढल्या होत्या, सकाळी उठून परत बसवल्या. का, ते मलाच कळलं नाही.
सुधाने विचारलं, "काय सांगणार तिथे?"
"बघू."
खरंच ठरलेलं नाही. साडेदहा झाले. ती साडी नेसून तयार आहे. येऊ नको म्हणायचं होतं, तेही अजून म्हटलेलं नाही.