एका फुटाला एक इंच

३ सप्टेंबर १९५६, सोमवार

खेळणं नाही! सकाळी भिमाला सांगितलं, दुपारी शेजारच्या धोंडाबाईला सांगितलं, आता वहीला सांगते. मी मानसिंगदादांचा ट्रक करतेय. लाकडाचा. त्यांच्या गाडीचा एक फूट तो माझा एक इंच. त्यांची गाडी अठरा फूट, माझी अठरा इंच. दारं उघडणारी, चाकं फिरणारी.

मानसिंगदादा भोरहून महाडला कोळसा नेतात. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. जूनमध्ये वरंध्याच्या उतारावर त्यांचे ब्रेक गेले. गाडी कड्याला घासत घासत गेली आणि एका धोंड्याला अडून थांबली. घासत होती तेवढ्यात त्यांनी देवीला नवस बोलून टाकला — गाडी वाचव, तुला गाडी वाहीन. घाटातल्या आमच्या देवीला मूल व्हावं म्हणून वीतभर लाकडी पाळणा वाहतात. मग मोटार वाचली म्हणून मोटार का नको?

असे पाळणे हिर्डोशीत आमच्याच घरी होतात, म्हणून ते भिमाकडे आले. भिमा माझ्या पाठचा भाऊ. आबा गेल्यापासून गावचं सुतारकाम त्याच्याकडे आहे. तो फिदीफिदी हसला. "म्या नांगूर करनारा मानूस. भावल्या न्हाई करत."

मी दारातून म्हटलं, "मी करते."

मानसिंगदादा हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, चाकं फिराया पायजेत बरं का."

फिरतील!

६ सप्टेंबर, गुरुवार

घाट चढायच्या आधी गाडी आमच्या ओढ्यापाशी थांबते, इंजिनात पाणी भरायला. तेवढाच वेळ. सुतळी घेऊन पळत गेले. बॉनेटची लांबी एक गाठ, दाराची उंची एक गाठ, मागचा फाळका एक गाठ. चाकाच्या घेराला सुतळी गुंडाळत होते तर धोंडाबाई धुणं टाकून बघायला आली. "रतने, मोटारीला चोळी शिवती का काय गं?" सगळ्या बाया खो खो हसल्या.

मी म्हटलं, "व्हय, आन उरलेल्यात तुला शिवते!"

मापं चोख मिळाली.

९ सप्टेंबर

वरव्याहून, सासरहून, निरोप आला. दसरा झाला की रतनला पाठवा.

दोन वर्षं कुणाला आठवण नव्हती! चार वर्षं नांदले, मूल नाही म्हणून आणून सोडलं. 'न्यायला मुराळी येईल' म्हणाले, कुत्रंसुद्धा आलं नाही. आता सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, शेतात भात उभं आहे, म्हणून मी आठवले. भिमानं मला न विचारता होकार कळवूनही टाकला. आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बोलावलंय त्येच लई झालं. गुमान जा."

मी जाणार नाही. इथं लिहून ठेवते, ठळक — जाणार नाही.

१५ सप्टेंबर

बॉनेट तिसऱ्यांदा केलं. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, पटाशी जरा जोरात गेली की खड्डा पडतो. पहिल्याला नाकच नव्हतं. दुसरं बघून आईसुद्धा म्हणाली, "ह्ये डुकराचं त्वांड हाय." खरंच होतं, म्हणून जास्त राग आला. तिसरं बरोबर उतरलंय. पुढची जाळी छत्रीच्या काड्यांची. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटेही त्याच काड्यांचे — एकावर एक तीन, मधोमध तारेनं आवळले. दाबलं की गाडी खाली बसते, सोडलं की वर येते! वीस वेळा दाबून बघितलं.

भिमा म्हणतो, बाईमाणसानं पटाशी धरू नये, घराला बरकत राहत नाही. आबांनी मला चौथीपर्यंत शाळेत घातलं आणि पाचवीऐवजी रंधा हातात दिला. तेव्हा बरकत कुठं गेली नव्हती. हे तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "आबा न्हाईत आता." रंधा चालवत राहिले.

२२ सप्टेंबर

टायर झाले. भिमाच्या जुन्या वहाणांना मोटारीच्या रबराचा तळ होता. होता!

घरात फार आरडाओरडा झाला. त्या वहाणा त्यानं वर्षभर पायात घातल्या नव्हत्या, पण आज त्याला नेमकं त्याच घालून बाहेर पडायचं होतं. मी म्हटलं, मोटारीचंच रबर, मोटारीला परत गेलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

२९ सप्टेंबर

मानसिंगदादांनी भोरहून हिरवा रंग आणला. चहाच्या कपात मावेल एवढा, पण अगदी त्यांच्या गाडीचाच. कोळशाच्या पोत्यावर बसून त्यांनी माझा ट्रक मांडीवर घेतला. दार उघडलं, लावलं. परत उघडलं. मग डाव्या मडगार्डवर बोट ठेवलं. "ह्यो पोचा कशापायी?"

"तुमच्या गाडीला आहे की! धोंड्यावर आदळली तेव्हाचा."

"काढून टाक. देवीपुढं नवी कोरी दिसूं दे."

नाही काढला. म्हटलं, देवीनं वाचवली ती पोचेवालीच गाडी. नवी कोरी बघून ती म्हणेल, ही कुणाची? मानसिंगदादा मोठ्यांदा हसले. वर म्हणाले, मग टपावर कठडा लाव, खऱ्या गाडीला कधीची हौस आहे, मालक लावू देत नाही. लावते! तेवढी हौस देवीच्या गाडीला पुरवते.

जाताना म्हणाले, भोरला एक मिस्त्री ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतो, त्याला तुझं काम सांगितलं, तो बघायचं म्हणतोय. भोरला फुलामावशी आहे, आईची धाकटी बहीण. ती कधीची म्हणतेय ये म्हणून. मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "वरव्याला जायाचं सोडून भोरात हुंदडायचं व्हय?"

आईशी बोलणं बंद केलंय.

५ ऑक्टोबर

घट बसले. दाराच्या बिजागऱ्या रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून कापल्या. बोट कापलं. बिजागऱ्या छान झाल्या.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मोडला. भिमानं मोडला.

वरव्याहून रायबा आलाय, आमच्या ह्यांचा चुलतभाऊ, मला न्यायला. दसरा झाल्यावर निघायचं, पण दोन दिवस आधीच येऊन बसला. मी अंगणात कठड्याला रंग देत होते, गुडघ्यापर्यंत भुसा. तो उभाच राहिला. "भिमा, ह्ये काय चाललंया? आमच्या हितं असलं चालायचं न्हाई बाबा. लोक त्वांडात श्यान घालतील."

भिमाचं तोंड उतरलं. पाहुण्यासमोर शोभा झाली ना! त्यानं ट्रकला लाथ घातली. ट्रक भिंतीवर आदळला. पुढचा आस तुटला, एक चाक गोठ्यात गेलं, दार लोंबायला लागलं.

मी रडले नाही. चाक शोधून आणलं. रायबाकडे बघून म्हटलं, "तुमच्या हितं चालायचं न्हाई ना? मग बरंच झालं, मी येतच न्हाई!"

भिमानं हात उगारला. आई मध्ये आली, पण बोलली मलाच — "गप बस!"

१३ ऑक्टोबर, शनिवार

खंडेनवमी. सकाळी भिमानं सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली — वाकस, करवत, रंधा, पटाश्या, गिरमिट. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पुजलं की हत्यार हलवायचं नाही. उद्या सोनं लुटून आल्यावरच कामाला लावायचं. सुताराच्या घरात ह्याच्याएवढा कडक नेम दुसरा नाही. आबा तर त्या दिवशी विळीकडेसुद्धा बघत नसत.

आणि उद्या सकाळीच मानसिंगदादा येणार. देवीला वाहायला दसऱ्याचा दिवस त्यांनी धरलाय. त्यांच्या हातात काय देऊ, मोडका आस?

दुपारी भिमा रायबाला घेऊन देवळाकडे गेला. मी पाटापुढे बसले. हात जोडले. खोटं कशाला लिहू, भीती वाटली. हत्यारांना म्हटलं, तुमची पूजा झाली ना? मग माझ्या कामाला या. आबांची आठवण आली आणि वाटलं, रागावले असते. तरी पटाशीवरचं फूल बाजूला ठेवलं आणि पटाशी उचलली. हळद अजून ओली होती. मूठ पिवळी झाली, मग आसही पिवळा झाला.

नवा आस बाभळीचा केला. गिरमिटानं भोकं पाडली, चाक बसवलं. दार सरळ केलं. ट्रक उभा राहिला! ढकलला तर ओटीच्या टोकापर्यंत सरळ गेला.

तिथं भिमा उभा होता.

काय काय बोलला ते लिहीत नाही. गल्ली गोळा झाली. "बाटवली! बापाची हत्यारं बाटवली हिनं! पुज्येवरनं उठवली!" धोंडाबाईनं गालांवर हात मारून घेतले. मीही ओरडले — "होय, उठवली! मोडलं कुणी? त्याला कुठली पूजा आडवी आली न्हाई!" रायबा म्हणाला, उद्या पहिल्या यष्टीनं हिला नेतो. भिमा म्हणाला, आजच न्या.

सगळे पांगल्यावर आईनं हत्यारं एकेक उचलली, पदरानं पुसली, परत पाटावर ठेवली. भिमापेक्षा मला तिचाच राग जास्त आलाय.

१४ ऑक्टोबर, दसरा

हे ट्रकमध्ये बसून लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी गाडी ओढ्याशी थांबली. रायबा माझं गाठोडं घेऊन उभा. मी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि गाडीत टाकलं. मानसिंगदादांना म्हटलं, देवीचं झालं की मला भोरला फुलामावशीकडे सोडा. भिमा पुढं येऊन म्हणाला, "जा! पर त्यो ट्रक बाटलेल्या हत्यारांचा हाय. देवी घ्यायची न्हाई. ती हत्यारं बी आता माझ्या कामाची न्हाईत."

तेव्हा आई घरातून आली. लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं काहीतरी जड, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. ते तिनं माझ्या पायाशी ठेवलं. आत लोखंड वाजलं.

"भिमा," ती म्हणाली, "बाटली म्हनलास न्हवं? मग तुला कशाला? जिनं बाटवली तिला ऱ्हाऊं देत."

आईनं एक पाय चाकावर ठेवला आणि मला म्हणाली, "सरक."

ती कधी मोटारीत बसलेली नाही. घाटाची वळणं सुरू झालीत. तिनं डोळे गच्च मिटून घेतलेत, आणि मांडीवरचा ट्रक दोन्ही हातांनी धरून ठेवलाय.