ओव्हरड्राइव्हमधली अक्षत

पोलादपूर, मार्गशीर्षातला गुरुवार, १९९८

या आठवड्यात आलं: पुण्याहून रबरी रिंगांचं पाकीट, दोनशे दहा रुपये. तेल गाळायला मलमल, नऊ रुपये.

मुंबईच्या डॉक्टरांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी ह्यांच्या गॅरेजात आहे. तिच्या गिअरबॉक्समागचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाला आराम देणारा जादा गिअर, ह्यांनी पुरा उघडून नव्यानं बांधला. सगळा तेलाच्या दाबाचा खेळ. पौर्णिमेला डॉक्टरांच्या मुलीची वरात ह्याच गाडीतून निघेल, असा ह्यांनी शब्द दिलाय.

आज आंबेनळीच्या रस्त्याला गाडी काढली. ओव्हरड्राइव्ह लागायचा आणि लगेच सुटायचा. परत आणून खोलला, तर झडप बंद करणाऱ्या पोलादी गोळीखाली तांदळाचा दाणा; झडप मिटेना, म्हणून तेलाचा दाब टिकेना. कुंकवानं लाल.

माझाच. झाकण लावायच्या आधी मीच हळद-कुंकू लावून अक्षता वाहिल्या. उघड्या यंत्रावर! आजवर किती इंजिनं पुजली, पण ती बंद असायची. एवढं कसं सुचलं नाही मला?

"अहो, रागवा तरी," मी म्हटलं.

"कुणावर? देवाला दिलंस, त्यानं परत केलं," हे हसले. "पण खोलल्यावर एकदा चेपलेल्या रिंगा परत चालायच्या नाय गो. नव्या मागव."

"दुकानदाराला कारण काय लिहू?"

"दाणा लिही. नायतर त्याला वाटंल, त्याच्या रिंगाच खराब."

लाज वाटली, पण लिहिलं. तो लाल दाणा देव्हाऱ्यात ठेवलाय. पुण्याच्या दुकानदाराला लिहिलेल्या पोस्टकार्डावर शेवटी एवढंच: रिंगांचा दुसरा संच पौर्णिमेआधी मिळेल का, ते कृपया उलट टपाली कळवावे.