ब्रेक उजवीकडे गेला, मामा

ती. मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या तुम्हाला वाकता येत नाही, तेव्हा तुमच्या वाट्याचंही मीच वाकून घेतलं आहे.) इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माणसं खुशाल आहेत, मोटरसायकलचं खाली येईलच. ऑपरेशन झालं तो गुडघा डावाच ना? की उजवा? मुद्दाम विचारतोय, कारण गेल्या आठवड्यापासून माझा डाव्या-उजव्यावरचा विश्वासच उडाला आहे. मामी औषधं आणायला जातात आणि तुमचा चहा निवायच्या आत परत येतात, याचं तुम्ही फोनवर केवढं नवल केलंत. चालणं चांगलं आहे त्यांचं, दुसरं काय.

तुम्ही लेकीकडे, आमच्या ताईकडे राहायला गेलात तेव्हा गाडी माझ्या हवाली करून एकच बजावलं होतं, की यातलं काही बदलू नकोस. मी शब्द दिला होता. आता रविवारी येऊन, मामींना मागे बसवून पुलापर्यंत एक फेरी मारायची, एवढीच तुमची इच्छा आहे. ऑपरेशनच्या टेबलावरही म्हणे तुम्ही डॉक्टरांना तेच विचारत होता. ऐकून मला भरून आलं आणि मी गाडी पुसून बाहेर काढली. सगळं बिघडलं ते तिथून. बायकोला मागे बसवून पाण्याच्या टाकीच्या उतारावरून निघालो, खाली इस्त्रीवाल्यापाशी थांबायचं म्हणून मागचा ब्रेक दाबला. गाडीने ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. इस्त्रीवाला गेला, सलून गेलं, शेवटी चढ लागला म्हणून थांबलो. बायको उतरली आणि चालत घरी गेली. मी पोचेपर्यंत तिने मामींना फोन करून सगळं सांगितलेलं होतं, आणि मामींनी जाहीर केलं होतं की ब्रेक नीट लागल्याशिवाय मी त्या गाडीवर बसायची नाही. आता मामीच नसतील तर तुमची फेरी कसली? म्हणून शब्द मोडला. तुमच्यासाठीच मोडला, एवढं ध्यानात घ्या.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे ‘किरकोळ’ म्हणतात, कारण कुठलंही काम दाखवलं की तो म्हणतो, किरकोळ आहे. त्याचं म्हणणं पडलं की या जुन्या ड्रम ब्रेकमध्ये आता राम नाही, डिस्क बसवू. चकचकीत पत्रा, आत तेलाचा दाब, नुसता पाय लावला की गाडी जागच्या जागी. मी हो म्हणालो. त्याने ड्रम काढला आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ चेनकडे बघत उभे राहिलो. तुमच्या गाडीत चेनचं मागचं दातेरी चक्र ड्रमलाच जोडलेलं आहे (हे तुम्हाला माहीत असणार, आम्हाला नव्हतं). ड्रम गेला की चक्र गेलं, आणि चेन लोंबायला लागली. म्हणजे त्या दुपारी गाडी थांबण्याचा प्रश्न पुरता सुटला होता. ती हलतच नव्हती. मग भंगारवाल्याकडून एका नव्या गाडीचं अख्खं मागचं चाक आणलं, डिस्कसकट. ते बसलं, पण डिस्क आली उजवीकडे आणि तुमच्या ब्रेकचं पेडल डावीकडे. किरकोळने डोकं खाजवून पेडलही उजवीकडे नेलं. तिथे आधीच गिअर होता, म्हणून गिअर गाडीच्या पोटाखालून एक सळई घालून डावीकडे पाठवला. मी म्हटलं, अरे पण मामांच्या पायांनी काय करायचं? तर किरकोळ आहे म्हणाला.

(इथे डावं म्हणजे गाडीवर बसल्यावरचं डावं. घोटाळा नको म्हणून मी हँडलवर खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून ठेवलं आहे. ते मी गाडीसमोर उभं राहून लिहिलं, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा तिकडे बघू नका.)

काल चालवून पाहिली. दुसरा गिअर टाकावा म्हणून सवयीने उजवा पाय दाबला, तर ब्रेक असा लागला की मी सीटवरून थेट पेट्रोलच्या टाकीवर. मागच्या पावाच्या गाडीवाल्याने तर माझी सगळी वंशावळच काढली. पुढे थांबायचं होतं तेव्हा डावा पाय दाबला, तर गिअर पडला आणि गाडी उत्साहाने पुढे गेली. शेवटी पहिला गिअर टाकून मग कशालाच पाय न लावता घर गाठलं. वाटेत काठी टेकत चाललेल्या एका आजोबांनी मला मागे टाकलं आणि जाता जाता तब्येतीची चौकशी केली. बायको गॅलरीतून सगळं बघत होती. तिच्या मते ब्रेक उत्तम आहे.

तेव्हा रविवारी निश्चिंत मनाने या. सगळी तयारी आहे. ताईला आठवण सांगा, गुडघ्याला जपा.

शब्द मोडलेला,
तुमचा भाचा

ता. क. तोवर घरी खुर्चीवर बसून सराव करता आला तर बघा. उजवा पाय ब्रेक, डावा गिअर. जन्मभराची सवय चार दिवसांत मोडायची आहे, पण डाव्या गुडघ्यावर जोर देऊ नका. (ऑपरेशन उजव्याचं असेल तर उजव्यावर देऊ नका. मग ब्रेकचं काय, ते मला सांगता येत नाही.)

ता. क. २. एवढ्यात मामींचा फोन आला. ब्रेक आता लागतो, असं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, त्या गाडीला मागचा ब्रेक लग्नापासून लागत नव्हता. थांबायचं झालं की तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणायचात आणि मागे बसून त्या दोन्ही पाय रस्त्याला टेकवायच्या. हिच्या चपला एवढ्या कशा झिजतात म्हणून तुम्ही चांभाराशी भांडायचात, त्या चपला अशा झिजायच्या. आता त्यांच्याने ते होत नाही, म्हणून त्या बसायला तयार नव्हत्या. मग त्यांनी ब्रेक कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. उजव्या म्हटलं, गिअर डाव्या. तर हसून म्हणाल्या, अगदी ताईच्या मोटरसायकलसारखं झालं की. तुमचं ऑपरेशन झाल्यापासून त्या ताईचीच गाडी काढून औषधं आणायला जातात. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून वर पत्रात मी कुठेही लिहिलेलं नाही.

ता. क. ३. तर मूळ विनंती अशी. फेरी ठरल्याप्रमाणे पुलापर्यंतच. फक्त मामी पुढे आणि तुम्ही मागे. डिस्क ब्रेक उत्तम आहे, काळजी नसावी. तरी येताना जुन्या चपला घालून या.